वाळूतला बुडबुडा आणि आपला कोळसा



कन्हान नदीची वाळू आपण दोन कामांसाठी ओळखतो. एक घरे बांधण्यासाठी, आणि दुसरे, भूमिगत खाणीतून कोळसा काढल्यावर मागे राहिलेल्या पोकळ्या भरण्यासाठी. आज मी तिच्याकडे तिसऱ्याच दृष्टीने पाहणार आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे कण असलेली कोरडी वाळू एका उभ्या नळकांड्यात मीटरभर उंच भरली, तळाला बारीक छिद्रांची चकती बसवली आणि खालून हवा सोडली, तर सुरुवातीला हवा कणांच्या फटींतून निमूटपणे वर जाते आणि वाळू जागची हलत नाही. हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर झाला की चित्र पालटते. हवेचा रेटा वाळूचे सगळे वजन तोलून धरतो; मीटरभर थरासाठी हा दाब सुमारे दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्या क्षणापासून वाळू द्रवासारखी वागू लागते. लाकडाचा तुकडा तिच्यावर तरंगतो, लोखंडाचा गोळा बुडतो, भांडे कलते केले तरी पृष्ठभाग आडवाच राहतो. कारखान्यांत याला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात आणि बोलताना नुसते ‘बेड’. हवा आणखी वाढवली तर वाळू सगळीकडे सारखीच सैल होत जाईल अशी आपली अपेक्षा असते. तसे होत नाही. वाळू होती तेवढीच सैल राहते आणि जास्तीची हवा तिच्यातून वेगळी निघून पोकळ्यांच्या रूपाने वर चढते. या पोकळ्या म्हणजेच बुडबुडे. हे बुडबुडे बेडमधला किरकोळ गोंधळ नाहीत, त्यांची वाढ हाच बेडच्या कामाचा कणा आहे, आणि कन्हानच्या आसपास निघणाऱ्या राखेने भरलेल्या कोळशाचा चांगला उपयोग करायचा असेल तर त्या वाढीचा अभ्यास इथेच, आपल्याच कोळशावर आणि आपल्याच वाळूवर व्हायला हवा, हे मला आज पटवून द्यायचे आहे.

या तंत्राचा जन्मच कोळशाच्या पोटी झाला. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२० च्या दशकात लिग्नाइटची भुकटी वायूच्या झोतावर तरंगती ठेवून तिचे वायूत रूपांतर करण्याची रीत काढली आणि १९२६ मध्ये लॉइना येथे तिचा मोठा संच सुरू झाला. नंतरची मोठी झेप युद्धाने घडवली. विमानांसाठी चांगले पेट्रोल हवे होते, म्हणून अमेरिकेतील बॅटन रूज येथे १९४२ साली खनिज तेलाचे जड रेणू तोडणारा पहिला फ्लुइडाइज्ड संच चालू झाला. त्यामागे एमआयटीच्या वॉरन लुईस आणि एडविन गिलिलँड यांचे संशोधन होते. त्याच १९४२ साली कामठीचे उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. योगायोगाला अर्थ नसतो हे खरे, पण आपल्या शेजारच्या गावाचा पैसा आणि रासायनिक अभियांत्रिकीतली ही मोठी घटना एकाच वर्षात याव्यात, याची आठवण या व्यासपीठावरून करून देणे मला गरजेचे वाटले. बॅटन रूजचा संच चालला, पण तो का चालतो हे पुरते कळायला आणखी वीस वर्षे जावी लागली. १९५२ मध्ये टूमी आणि जॉनस्टन यांनी एक साधा हिशेब मांडला: वाळू जेमतेम उचलायला जेवढी हवा लागते तेवढी कणांच्या फटींतून जाते, उरलेली सगळी बुडबुड्यांतून जाते. वर घेतलेल्या वाळूत हवेचा वेग सेकंदाला एक मीटर ठेवला, तर या हिशेबाने पाचातले चार भाग हवा बुडबुड्यांतून जाईल. नंतरच्या मोजमापांत हा आकडा थोडा जास्तीचा ठरला, कारण काही हवा बुडबुड्यांच्या आरपारही वाहते. पण मूळ गोष्ट टिकली. बेडमधली बहुतेक हवा कणांना भेटते ती बुडबुड्याच्या मार्फत, किंवा भेटतच नाही.

बुडबुड्याच्या आत नेमके काय चालते, हे केंब्रिजच्या जॉन डेव्हिडसन यांनी १९६१ मध्ये कागदावर सोडवले. त्यांचे गृहीतक धाडसी होते. कणांचा समुदाय म्हणजे घर्षण नसलेला, न दबणारा द्रव माना, तो बुडबुड्याभोवती तसाच वाहू द्या आणि हवा दाबाच्या फरकाने त्या समुदायातून झिरपू द्या. या दोन गोष्टींतून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला. पाण्यातल्या बुडबुड्यासारखी याला त्वचा नसते. हवा तळातून आत येते आणि छपरातून बाहेर पडते; वाळूचे छप्पर कोसळत नाही ते या बाहेर जाणाऱ्या हवेच्या आधारावर. पण बुडबुडा भोवतालच्या हवेपेक्षा वेगाने चढत असेल, तर छपरातून निघालेली हवा दूर जाऊ शकत नाही. कणांचा प्रवाह तिला कडेने खाली ओढतो आणि ती पुन्हा तळातून आत शिरते. बुडबुडा आपल्याच हवेचे एक वेष्टन घेऊन चढतो आणि त्या वेष्टनाबाहेरच्या कणांना त्याची हवा जवळपास शिवत नाही. पीटर रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हे छायाचित्रांनी दाखवून दिले. त्यांनी काचेच्या सपाट बेडमध्ये तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडचा बुडबुडा सोडला. तपकिरी रंग बुडबुड्याभोवती गोल वलयासारखा राहिला आणि त्याच्याबरोबर वर गेला. पुढे रो यांनी बेडमधून क्ष-किरण सोडून आतले बुडबुडेही प्रत्यक्ष पाहिले. समीकरण आधी आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा नंतर, असा क्रम विज्ञानात क्वचित इतका स्वच्छ सापडतो.

आता हाच हिशेब आपल्या वाळूला लावू. एकट्या बुडबुड्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दहा सेंटिमीटरचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर चढतो, चाळीस सेंटिमीटरचा त्याच्या दुप्पट. कणांच्या फटींतून हवा सेकंदाला साधारण ४४ सेंटिमीटर वेगाने जाते. म्हणजे चारेक सेंटिमीटरपेक्षा लहान बुडबुडे हवेपेक्षा मंद असतात, हवा त्यांच्यातून आरपार जाते आणि नव्या कणांना भेटत राहते. त्यापुढे मात्र वेष्टन तयार होते. डेव्हिडसन यांच्या सूत्राने दहा सेंटिमीटरच्या बुडबुड्याचे वेष्टन त्याच्या त्रिज्येच्या १.८ पट पसरते, चाळीस सेंटिमीटरच्या बुडबुड्याचे फक्त १.३ पट. बुडबुडा जेवढा मोठा, तेवढे त्याच्या हवेने व्यापलेले कणांचे कवच प्रमाणाने पातळ. त्यात भर अशी की व्यास चौपट झाला तर दर लिटर हवेमागे पृष्ठभाग चौथाई उरतो आणि बेडमधून जायला लागणारा वेळ निम्मा. साध्या गुणाकाराने संपर्क आठव्या हिश्शावर येतो. बेड तापला की परिस्थिती आणखी बिघडते. ८५० अंश सेल्सियसला हवा विरळ होते पण तिची चिकटाई वाढते, त्यामुळे तीच वाळू सेकंदाला ९ सेंटिमीटरच्या वेगानेच उचलली जाते. वाहणाऱ्या हवेचा वेग तोच ठेवला तर बुडबुड्यांचा वाटा वाढतो.

बुडबुडा वाढतो तो मुख्यतः दुसऱ्या बुडबुड्याला गिळून. प्रत्येक बुडबुड्याच्या मागे कमी दाबाचा पट्टा असतो. मागून येणारा बुडबुडा त्यात ओढला जातो, लांबट होतो आणि पुढच्याच्या तळातून आत शिरतो. शेजारी चढणारेही आधी एकमेकांच्या मागे सरकतात आणि मगच मिसळतात. तळाशी असंख्य लहान बुडबुडे निघतात, वर थोडे आणि थोराड पोचतात, तेही बहुधा भिंतींपासून दूर, मध्याकडे सरकलेले. डार्टन आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या विलीनीकरणाचे एक सूत्र दिले. आपल्या वाळूत सेकंदाला एक मीटर हवा सोडली तर अर्ध्या मीटर उंचीवर बुडबुडा सुमारे १८ सेंटिमीटरचा होतो, एक मीटरवर ३१ आणि दोन मीटरवर ५४. हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेतली नळी बहुधा १० ते १५ सेंटिमीटर रुंद असते. तिथे बुडबुडा नळीएवढा झाला की त्याची वाढच खुंटते. नळीची भिंत त्याला धरून ठेवते आणि त्याचा वेगही मर्यादित राहतो. कारखान्याच्या दोन-तीन मीटर रुंद बेडमध्ये त्याला अडवणारे कुणी नसते. म्हणून नळीत चांगला निघालेला निकाल कारखान्यात घसरतो. टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे १९५० च्या सुमारास नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करण्यासाठी उभारलेल्या हायड्रोकोल कारखान्याला हाच फटका बसला. लहान संचात मिळालेले रूपांतर मोठ्या बेडमध्ये मिळेना. कारखाना बंद पडण्यामागे इतरही कारणे होती, पण लहान नळीतल्या बुडबुड्यावरून मोठ्या बेडमधल्या बुडबुड्याचे भाकीत करता येत नाही, हा धडा रासायनिक अभियंते तिथूनच शिकले.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. बुडबुडा इतका नुकसानकारक असेल तर तो नाहीसाच का करू नये? कारण बेडमधल्या बहुतेक चांगल्या गोष्टी त्याच्याच आहेत. चढणारा बुडबुडा आपल्या पाठीमागे स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे चतुर्थांश एवढे कण ओढून वर नेतो, कडेने तेवढेच कण खाली येतात. या अखंड फेऱ्यांमुळे एका बाजूने टाकलेला कोळसा काही सेकंदांत सगळीकडे पसरतो आणि बेडचे तापमान तळापासून वरपर्यंत जवळपास एकच राहते. घट्ट पिठले रटरटत असताना तळाला लागत नाही आणि रटरट थांबली की करपते, हे स्वयंपाकघरातले ज्ञान इथे शब्दशः लागू पडते. बुडबुडे नसलेला बेड कोळसा जाळताना जागोजागी तापून लाल होतो, राख मऊ होते, कण एकमेकांना चिकटतात आणि क्लिंकर धरतो. मग बॉयलर थंड करून, आत उतरून, सळ्यांनी तो फोडावा लागतो. तेव्हा बुडबुडा हवाच, फक्त त्याला वाढू देता कामा नये. तेलशुद्धीकरणात हे पावडर निवडूनच साधते. डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये पावडरींचे चार गट पाडले. साठ-सत्तर मायक्रॉनची उत्प्रेरक भुकटी त्यांतल्या पहिल्या गटात बसते. तिच्यात बुडबुडे जितके जुळतात तितकेच फुटतात, म्हणून ठरावीक आकारापुढे जात नाहीत. मुंबईच्या माहुल-तुर्भे भागातले असे संच याच बळावर चालतात. कन्हानची वाळू दुसऱ्या गटातली आहे, आणि बॉयलरमध्ये टाकला जाणारा सहा-आठ मिलिमीटरपर्यंतचा कोळसा तर चौथ्या गटात जातो. या दोन्ही गटांत बुडबुड्याच्या वाढीला आपोआप लगाम बसत नाही. तो बाहेरून घालावा लागतो: हवेच्या नोझलची संख्या वाढवून, बेड उथळ ठेवून, दाब वाढवून किंवा बेडमध्ये आडव्या नळ्या टाकून. बॉयलरच्या नळ्या बुडबुडे फोडतात खऱ्या, पण आदळणाऱ्या वाळूने त्याच झिजतात. दर लगामाची काही ना काही किंमत असते.

हे सगळे कन्हानला कुठे लागू पडते? आपल्या भोवती कामठी कोळसाक्षेत्र आहे. गोंडेगाव, इंदर, सिल्लेवाडा या खाणींची नावे इथे कुणाला सांगायला नकोत. कोळशाचे थर बराकर खडकांत आहेत आणि त्यांच्यावरच्या वालुकाश्माला भूवैज्ञानिकांनी कामठीचेच नाव दिले आहे. गोंडवाना काळात वनस्पतींचे अवशेष पाण्याबरोबर वाहत येऊन गाळासह साचले. त्यामुळे माती कोळशाच्या कणाकणांत भिनली आहे आणि धुऊन ती फारशी निघत नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सर्रास ३० ते ४५ टक्के असते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत तो पिठासारखा दळून मोठ्या ज्वाळेत जाळतात. फ्लुइडाइज्ड बेडला ही दळणाई लागत नाही. बेडमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त वस्तुमान तापलेल्या राखेचे किंवा वाळूचेच असते, त्यात थोडा कोळसा पडला तरी तो पेटतो, म्हणून राख खूप असली तरी आग विझत नाही. तापमान ८००-९०० अंशांवरच राहत असल्याने राख वितळत नाही आणि हवेतल्या नायट्रोजनपासून होणारी ऑक्साइडेही कमी निघतात. कोळसा धुतल्यावर उरणारा, दुसरीकडे न जळणारा चुरा असे बॉयलर जाळू शकतात. पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या ते बांधतात. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बेड राख कमी करत नाही. शंभर टन कोळशात चाळीस टन राख असेल तर चाळीस टनच बाहेर येईल. २०२२ च्या जुलैत कोराडी वीज केंद्राच्या खसाळ्यातील राख तलावाचा बंधारा फुटून राख कोलार आणि कन्हानच्या पाण्यात गेली. त्या दुखण्यावर हे तंत्र उपाय नाही. उपाय राखेच्या साठवणुकीत आणि वापरात आहे आणि त्याची जबाबदारी वेगळी आहे. फ्लुइडाइज्ड बेडच्या नावाने तसा दावा कुणी केला तर तो मान्य करू नये.

खरी कसोटी कोळशापासून वायू करण्याची आहे. केंद्र सरकारने २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या मदतीची योजना मंजूर केली. जगात सर्वाधिक चालणारे संच कोळशाचे पीठ प्रचंड तापमानात उडवतात आणि राख वितळवून बाहेर काढतात. आपल्या कोळशातली राख वितळवण्यातच एवढी उष्णता खर्ची पडते की ओडिशातल्या तालचेरच्या खत प्रकल्पाने कोळशात पेट्रोलियम कोक मिसळण्याचा मार्ग धरला. कुणी म्हणेल, अंगुळला स्थिर थराचे संच राखेच्या कोळशावर चालतातच ना? चालतात, पण त्यांना ढेकळे लागतात, चुरा चालत नाही, आणि डांबर व दूषित पाणी मागे उरते. उघड्या खाणीतून यंत्रांनी काढलेल्या कोळशात चुराच भरपूर असतो. राख न वितळवता चुरा वापरणारा मार्ग म्हणजे फ्लुइडाइज्ड बेड. भेलने तिरुचिरापल्लीत ६.२ मेगावॉटचा असा संच चालवून पाहिला, आणि २०२१ मध्ये हैदराबादला भारतीय राखयुक्त कोळशापासून दिवसाला पाव टन मिथेनॉल काढून दाखवले. हे काम अभिमानाचे आहे. पण दिवसाला पाव टन मिथेनॉल आणि वर्षाला १० कोटी टन कोळसा, या दोन आकड्यांमधला रस्ता ब्राउन्सव्हिलवरूनच जातो. वायूकरणात बुडबुड्यातून निसटलेली वाफ आणि ऑक्सिजन म्हणजे वाया गेलेला खर्च, आणि नोझलजवळ एकाच जागी साचलेला ऑक्सिजन म्हणजे क्लिंकर.

यावर दोन जाणकार आक्षेप घेतले जातात. पहिला असा की आधुनिक फिरत्या बेडमध्ये हवा इतक्या वेगाने सोडतात की बुडबुडे उरतच नाहीत, कण उडून सायक्लोन या कण वेगळे करणाऱ्या यंत्रातून परत येतात. मग बुडबुड्याचा अभ्यास जुना झाला. वरच्या विरळ भागाबद्दल हे बरोबर आहे. पण कोळसा जिथे पडतो आणि पहिल्यांदा पेटतो तो तळाचा दाट भाग अशा बॉयलरमध्येही राहतो आणि जाड राखेच्या कोळशात तो दाटच राहतो. तिथे हवेच्या पोकळ्या तयार होतात, वाढतात आणि फुटतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संगणक हे सगळे आता सोडवू शकतो. सोडवतो, पण काही मर्यादेत. आपल्या वाळूच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८४० कोटी कण असतात. प्रत्येकाचा माग ठेवणे शक्य नसल्याने संगणक कणांचा समुदाय म्हणजे द्रव मानतो, जसे डेव्हिडसन यांनी मानले होते, आणि कणांवर हवेचा रेटा किती हे सूत्राने भरतो. ते सूत्र कुठून तरी मोजून आणलेले असते, बहुधा काचेच्या मण्यांवर किंवा गोल वाळूवर, आपल्या चपट्या-टोकदार कोळशावर नव्हे. बेड स्थिर कधी राहतो आणि त्यात बुडबुडे कधी उठू लागतात, यावर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ज्येष्ठराज जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताचे भरीव काम केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे एल. के. दोराईस्वामी आणि मुंबईचे एम. एम. शर्मा यांनी १९८४ मध्ये लिहिलेला घन-वायू अभिक्रियांवरचा ग्रंथ जगभर वापरला गेला. म्हणजे महाराष्ट्रात सिद्धान्ताची कमतरता नाही. कमतरता आहे ती मोठ्या आकाराच्या बेडमध्ये, आपल्याच कोळशावर घेतलेल्या मोजमापांची.

कोळशाचे दिवस भरले, मग हा उद्योग कशाला, असेही विचारले जाते. या प्रश्नामागची काळजी रास्त आहे. पण बेडची कोळशाशी लग्नगाठ बांधलेली नाही. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांतले धानाचे तूस, पिकांचे अवशेष, शहराचा सुका कचरा, सगळे याच वाळूत जळते. धान्य आणि औषधांची भुकटी याच रीतीने वाळवतात. तुसाचे हलके कण बुडबुड्यांबरोबर वर निघून जातात आणि बेडच्या वरच जळतात, ही आजची अडचणसुद्धा बुडबुड्यांच्याच वाढीची आहे. इंधन बदलले तरी प्रश्न बदलत नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे आणि नागपूर परिसराच्या आवाक्यातली आहे. आगीशिवाय, साध्या हवेवर चालणारा, किमान एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच बेड लक्ष्मीनारायण संस्थेत किंवा विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत उभा राहावा. त्यात कन्हानची वाळू, कामठीचा ठेचलेला कोळसा, खापरखेड्याची तळराख आणि गोंदियाचे तूस आळीपाळीने भरावे. भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर दाबमापके बसवावीत, कारण जाणाऱ्या प्रत्येक बुडबुड्याची खूण दाबाच्या चढउतारात उमटते. कोणत्या उंचीवर बुडबुडा केवढा झाला, नोझल बदलल्यावर काय फरक पडला, बेडमध्ये टाकलेल्या नळ्या किती झिजल्या, हे आकडे सर्वांना खुले असावेत. कारखान्यांच्या कपाटात बंद होऊ नयेत. आणि कोळशापासून वायू करण्याचा कोणताही मोठा संच या खोऱ्यात येणार असेल, तर त्याच्या मालकाने पहिला प्रश्न याच बेडवर मोजलेल्या आकड्यांनी सोडवून दाखवावा: तुमच्या बेडमध्ये, तुमच्या उंचीवर, बुडबुडा किती सेंटिमीटरचा असेल?